पेपर कुणाचा? – तरवडीच्या ‘दीनमित्रा’ची गोष्ट
(गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



तुमच्यात साचेखात्यात उभी हयात घातलेले आहेत. वाइंडिंगमध्ये उभे राहून पायांची दुखणी घरी नेलेल्या आयाबहिणी आहेत. गिरणीचा दरवाजा बंद झाल्यावर भिवंडीला नाहीतर इचलकरंजीला पावरलूमवर जाऊन उभे राहिलेलेही आहेत. तुम्हा सगळ्यांना आम्ही आज एक साधा सवाल विचारणार आहोत. तुम्ही पेपर वाचता. विकत घेऊन वाचता, शेजाऱ्याचा वाचता, चहाच्या दुकानात उभ्या उभ्या वाचता. त्या पेपरचा मालक कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे काय?

गिरणीचा मालक कोण, हे तुम्हाला गेटात पाऊल टाकण्याआधी ठाऊक असे. शेठ कोण, मॅनेजर कुणाचा माणूस, जॉबर कुणाच्या वशिल्याचा, हे बदली कामगारसुद्धा पहिल्याच पाळीत शिकून घेई. का? तर आपली भाकर कुणाच्या हातात आहे हे कळल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. मग आपली बातमी कुणाच्या हातात आहे हे का विचारू नये? पेपरची किंमत आपण विचारतो, मालक विचारत नाही. जसा काही पेपर आभाळातून पडतो!

आमचाच एक अनुभव सांगतो. घरांच्या मागणीसाठी आम्ही एकदा मोर्चात चाललो होतो. ऊन मी म्हणत होते, म्हातारी माणसे काठी टेकत चालत होती. दुसऱ्या दिवशी एक मोठा पेपर उघडला. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. बातमी होती चार ओळींची, आणि तीही मोर्चामुळे गाड्या कशा खोळंबल्या याची. त्याच अंकाचे पहिले अख्खे पान जाहिरातीचे होते. कसली जाहिरात? ज्या जमिनीवर आपले साचे चालत होते, तिथे उठणाऱ्या टॉवरमधल्या घरांची! आमच्यातला एक म्हातारा म्हणाला, “बरोबरच हाय. त्यांनी पानाचं पैसं दिलं, आपण काय दिलं?”

मंडळी, त्या म्हाताऱ्याच्या या एका वाक्यावर आमचे आजचे भाषण आहे. रागावून उपयोग नाही, हिशेब केला पाहिजे. आणि हा हिशेब समजावा म्हणून आम्ही तुम्हाला एका खेड्यातल्या साप्ताहिकाची गोष्ट सांगणार आहोत. ही गोष्ट नगर जिल्ह्याची आहे. 2024 पासून सरकारी कागदांवर त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण एसटीच्या स्टँडवर आपण सगळे अजून ‘नगर’च म्हणतो. तुम्ही म्हणाल, नगरच्या खेड्याचा आणि गिरणगावाचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो सख्ख्या नात्याचा आहे. थोडे थांबा.

नगर जिल्हा म्हणजे पाठ न सोडणाऱ्या दुष्काळाचा मुलूख. पाऊस दगा देतो, विहीर आटते, आणि माणूस पोटासाठी मुंबईची वाट धरतो. पण शब्दांच्या बाबतीत हा मुलूख कोरडा नाही. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती याच जिल्ह्यातल्या नेवाशाला. संयुक्त महाराष्ट्रासाठी म्हातारपणी रस्त्यावर उतरलेले सेनापती बापट हे याच जिल्ह्यातल्या पारनेरचे. आणि वर्तमानपत्राचे म्हणाल तर नगर शहरात 1842 सालीच पत्र निघाले होते. त्या वर्षीच्या जून महिन्यात अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ सुरू केले.

‘ज्ञानोदया’चे ऋण मानलेच पाहिजे. शाळा, विज्ञान, जातिभेद या विषयांवर मराठीत लिहिणारे ते पत्र होते. पण त्याचा मालक कोण? मिशन. त्याला पैसा कुठला? मिशनचा. म्हणून ते जे काही चांगले सांगे, त्याच्या शेवटी धर्माचा उपदेश असे. यात लपवाछपवी नव्हती, आणि मालकाने आपले म्हणणे आपल्या पत्रात मांडले तर त्याला दोष तरी कसा द्यावा? पुढे ते पत्र मुंबईला गेले. आमचा मुद्दा एवढाच की मालक चांगला असला तरी पत्र मालकाचेच बोलते. शेतकऱ्याचे नि कष्टकऱ्याचे बोलणारे पत्र हवे असेल तर त्याचा मालक शेतकरी नाहीतर कष्टकरीच पाहिजे.

ही गोष्ट ज्याने ओळखली तो माणूस पुण्याच्या भांबुर्ड्याचा, म्हणजे आजच्या शिवाजीनगरचा. त्याचे नाव कृष्णराव भालेकर. जोतीराव फुल्यांनी 1873 साली सत्यशोधक समाज स्थापन केला. भालेकर त्यातले एक तळमळीचे कार्यकर्ते. त्यांनी 1 जानेवारी 1877 रोजी पुण्यात ‘दीनबंधू’ साप्ताहिक काढले. तेव्हाची पत्रे शिकलेल्या वर्गाची, त्यांनीच लिहिलेली आणि त्यांनीच वाचलेली. माळी, कुणबी, साळी, धनगर यांच्या घरातले दुःख छापायला जागा नव्हती. ती जागा भालेकरांनी केली. पण जागा केली म्हणजे भाडे द्यावेच लागते. कागदाला पैसा, शाईला पैसा, टपालाला पैसा. ज्यांच्यासाठी पत्र काढले त्यांच्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नाही, आणि ज्यांना आहे त्यांच्या खिशात वर्गणी नाही! दोन-तीन वर्षे ओढाताण करून भालेकरांचे हात टेकले आणि पत्र थांबले.

आता ऐका तुमचे नाते. 1880 साली हे थांबलेले ‘दीनबंधू’ मुंबईत पुन्हा कुणी उभे केले? नारायण मेघाजी लोखंडे यांनी! गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेला माणूस. नोकरी सोडली आणि पत्र हाती घेतले. 1884 च्या सप्टेंबरात परळला सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली ती लोखंड्यांच्या पुढाकाराने. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज झाला. मागण्या काय होत्या? आठवड्याला एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळच्या वेळी, कामावर हातपाय मोडला तर भरपाई. आज या गोष्टी साध्या वाटतात. तेव्हा मालकांना त्या चंद्र मागितल्यासारख्या वाटल्या. सहा वर्षे लढा चालला. 1890 च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार बायांनी सभेत भाषणे केली. 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांग लावताना ध्यानात ठेवा, की त्या रविवारामागे एक साप्ताहिक उभे होते. साडेपाच हजार सह्या वाऱ्यावर गोळा होत नाहीत. मागणी काय आहे हे शब्दांत मांडावे लागते, छापावे लागते, खोलीखोलीत वाचून दाखवावे लागते. मालकाच्या पेपरात ते झाले नसते.

पण आम्ही तुमच्यापुढे फक्त गोड गोड सांगणार नाही. याच ‘दीनबंधू’त जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकाची पहिली दोन प्रकरणे छापली गेली आणि पुढची छापायची थांबली. छापणाऱ्याला भय वाटले, असे जोतीरावांचे म्हणणे होते आणि ते फार नाराज झाले. बघा बरे! पत्र आपले, संपादक आपला, कामगारांसाठी झिजणारा. तरीसुद्धा एका जागी हात थरथरला. छापखाना जप्त झाला, दंड झाला, तर तो भरणार कोण? ज्याच्या एकट्याच्या शिरावर पत्राचा भार, त्याला एकट्यालाच भीतीही वाटणार. लोखंडे 1897 साली प्लेगात गेले. पुढे ‘दीनबंधू’ वासुदेवराव बिर्जे यांनी चालवले, आणि त्यांच्यामागे त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे यांनी संपादकाची खुर्ची सांभाळली. एका बाईने वर्तमानपत्र चालवावे, ही त्या काळात केवढी हिंमत!

आता नगरला येतो. ज्या भालेकरांनी ‘दीनबंधू’ काढला, त्यांचा मुलगा मुकुंद. जन्म 1885 सालचा. हा मुलगा नेवासे तालुक्यातल्या तरवडी गावी पाटलांच्या घरात दत्तक गेला. त्या घरातले गणपतराव पाटील यांनीही पूर्वी एक मासिक चालवले होते, त्याचे नाव ‘दीनमित्र’. जन्म दिलेल्या बापाने पत्र काढले आणि बंद पडलेले पाहिले. दत्तक गेला त्या घरातही पत्र निघाले आणि थांबले. दोन्ही घरांचा वारसा काय? बंद पडलेली पत्रे! एखाद्याने कानाला खडा लावला असता. मुकुंदराव पाटलांनी काय केले? 1910 च्या मार्चात भालेकर वारले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुकुंदरावांनी ‘दीनमित्र’ साप्ताहिक सुरू केले. आधी सोमठाणे या खेड्यातून, आणि पुढे आपल्या तरवडीतून. देशातले पहिले ग्रामीण वृत्तपत्र म्हणून त्याची ओळख आहे.

1910 साल कसले होते तेही ध्यानात घ्या. त्याच वर्षी इंग्रज सरकारने नवा प्रेस कायदा आणला होता. नवा छापखाना काढायचा तर पाचशेपासून दोन हजार रुपयांपर्यंत जामीन मागण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला मिळाला, आणि सरकारला न आवडणारे काही छापले तर तो जामीन जप्त! अशा वर्षी, रेल्वे नाही, वीज नाही, अशा खेड्यात एक शेतकरी तरुण साप्ताहिक काढतो. लोकांनी त्याला शहाणा म्हटले असेल की वेडा, तुम्हीच ठरवा.

साप्ताहिक काढणे म्हणजे काय काम असते ते तुम्हाला चटकन कळेल, कारण तुम्ही कापड विणले आहे. जसे एकेक सूत ओवून ताणा भरावा लागतो, तसा छापखान्यात एकेक अक्षराचा खिळा उचलून ओळ जुळवावी लागे. तीही उलटी, म्हणजे कागदावर सुलटी उमटते. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे. खिळ्यांचे खण भिंतभर. पान जुळले की चौकटीत आवळायचे, शाईचा रूळ फिरवायचा, कागद ठेवायचा, दाब द्यायचा. एकेक कागद. मग घड्या, पत्त्याच्या चिठ्ठ्या, तिकिटे, आणि गठ्ठा टपालात. तोवर पुढचा आठवडा दारात उभा! तुमचा साचा बंद पडला तर मेकॅनिक येई. तरवडीत खिळा तुटला तर नवा आणायचा कुठून, असा प्रश्न.

आणि त्या पत्रात लिहिले काय? खेड्यात राज्य कुणाचे होते? कलेक्टर लांब, गव्हर्नर त्याहून लांब. शेतकऱ्याच्या डोक्यावर बसलेले राज्य म्हणजे कुलकर्ण्याचे दप्तर आणि सावकाराची वही. सातबारा काय म्हणतो, कर्ज किती फिटले, व्याज किती राहिले, हे लिहिणारा एक आणि अंगठा उठवणारे शंभर. मुकुंदरावांनी या लेखणीच्या राज्यावर लेखणीनेच घाव घातला. ‘कुलकर्णीलीलामृत’ हे त्यांचे पुस्तक 1913 सालचे. नाव ऐकूनच हसू येते ना? पोथीचा थाट आणि आत गावच्या दप्तराची लफडी. गावात पारावर पोथी वाचायची चाल होतीच, तिथे ही पोथी गेली. सावकारी, भटजीचे कर्मकांड, अंगात येणे, लग्नातली उधळपट्टी, मुलींचे शिक्षण, असे कितीतरी विषय त्यांनी घेतले. भाषा कशी? शेतकऱ्याला कळेल अशी. कारण लिहिणारा रोज शेतकऱ्यातच उठबस करणारा होता. एक जण वाचतो आणि चारचौघे ऐकतात, असे ते पत्र खेड्यात चालत होते.

आता आमच्या मूळ सवालाकडे या. ‘दीनमित्र’ कुणाचा होता? मालक मुकुंदराव, संपादक मुकुंदराव, अग्रलेख लिहिणारे मुकुंदराव, आणि वसुलीची काळजी करणारेही मुकुंदराव. भांडवल देणारा शेठ नाही, म्हणून शेठजीवर लिहायला कुणाची परवानगी नको. घर शेतकऱ्याचे, म्हणून शेतकऱ्याचे दुखणे विचारायला दुसरीकडे जायला नको. आणि आणखी एक गोष्ट, ती फार मोलाची. शहरातला संपादक चुकीचे लिहून दार लावून घेऊ शकतो. खेड्यातल्या संपादकाला वाचक बांधावर गाठतो, बाजारात गाठतो, “काय हो पाटील, हे काय छापलंत?” म्हणून विचारतो. वाचकाच्या गावात राहणाऱ्या मालकाला खोटे बोलणे महाग पडते.

असे हे पत्र किती वर्षे चालले? दोन नाही, पाच नाही, सत्तावन्न वर्षे! दोन महायुद्धे गेली, इंग्रज गेले. कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने रद्द झाली, तो दिवस ‘दीनमित्रा’ने पाहिला. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले, तोही पाहिला. मोठमोठ्या शहरांतली, मोठमोठ्या भांडवलाची पत्रे या काळात निघाली आणि मावळली. तरवडीचे पत्र चालत राहिले.

आणि 1967 च्या डिसेंबरात मुकुंदराव पाटील वारले. पत्र थांबले.

मंडळी, इथे आम्ही तुम्हाला जरा थांबायला सांगतो. पत्र कशाने थांबले? सरकारने बंद केले नाही. सावकाराने विकत घेतले नाही. वाचकांनी टाकून दिले असेही नाही. पत्र एका माणसाच्या खांद्यावर होते, तो खांदा गेला आणि पत्र खाली आले. ज्या गुणाने ते सत्तावन्न वर्षे जगले, त्याच गुणाने ते थांबले. एकट्या मालकाचे स्वातंत्र्य मोठे, पण त्याचे आयुष्य माणसाच्या आयुष्याएवढेच. आज तरवडीत मुकुंदरावांचे स्मारक आहे, त्यांच्या नावाने लिहिणाऱ्यांना पुरस्कार दिले जातात, हे चांगलेच आहे. पण स्मारक दर आठवड्याला टपालाने येत नाही.

असे फक्त तरवडीतच झाले काय? आपल्या चळवळीचा पेपर आठवा. आचार्य अत्र्यांनी 15 नोव्हेंबर 1956 रोजी ‘मराठा’ दैनिक काढले. संयुक्त महाराष्ट्राचा आवाज म्हणजे ‘मराठा’. गिरणगावात एका अंकाभोवती दहा डोकी गोळा होत. इतका तुमचा, इतका आमचा तो पेपर वाटे की मालक कोण हे विचारायचे कुणाच्या मनातही आले नाही. 1969 साली अत्रे गेले आणि काही वर्षांत ‘मराठा’ही गेला. म्हणजे शहर असो की खेडे, गोष्ट तीच. प्रेमाने आपला असणे वेगळे आणि कागदावर आपला असणे वेगळे. चाळीतली खोलीसुद्धा आपण प्रेमाने आपली म्हणतो, पण भाडेपावती कुणाच्या नावावर आहे हे बघावे लागतेच ना?

मग उपाय काय? उपाय शोधायला लांब जायला नको. तोही नगर जिल्ह्यातच आहे. ज्या काळात ‘दीनमित्र’ चालू होता, त्याच काळात त्याच जिल्ह्यात प्रवरानगरला काय झाले? विठ्ठलराव विखे पाटील नावाचा लोणीचा शेतकरी आणि धनंजयराव गाडगीळ नावाचे अर्थशास्त्रज्ञ, या दोघांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी भाग विकत घेऊन साखर कारखाना काढला. 1950 च्या अखेरीला त्याचा पहिला हंगाम सुरू झाला. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून तो गाजला. ज्याचा ऊस त्याचाच कारखाना! आणि सहकाराच्या कायद्याने, भाग कितीही असोत, मत मात्र एकच. विठ्ठलराव 1980 साली गेले. पण कारखान्याचे दार त्या दिवशी बंद झाले नाही, कारण सभासदांची वही माणसामागे उरते.

तुम्ही लगेच म्हणाल, “साहेब, सहकारात काय चाललंय ते आम्हाला शिकवू नका.” ठाऊक आहे. संचालक होतात राजे आणि सभासद होतात रयत, हे आम्हीही पाहिले आहे. सभासद सभेला गेला नाही की सहकाराचा शेठ होतो. युनियनचे तरी वेगळे काय असते? पण म्हणून कुणी युनियन नको म्हणतो काय? चाकाला वंगण नसले तर चाक फेकत नाहीत, वंगण घालतात.

आम्हाला दोन्ही गोष्टी जोडायच्या आहेत. मुकुंदरावांचा कणा आणि प्रवरेची सभासदांची वही. लिहिणारा असा पाहिजे की जो वाचकांत राहतो, आणि मालकी अशी पाहिजे की जी एकाच्या जाण्याने जात नाही.

आता हातात धरायला काही व्यवहाराचे सांगतो. पेपर कुणाचा आहे हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही. 1867 साली इंग्रजांनी छापखान्यांचा कायदा केला. तो इंग्रजांनी आपल्यावर नजर ठेवायला केला होता, पण त्यातून एक गोष्ट आपल्या कामाची निघाली. प्रत्येक पत्रावर छापणारा कोण, प्रसिद्ध करणारा कोण आणि संपादक कोण हे छापणे भाग पडले. पानाच्या तळाशी बारीक टायपात ती ओळ असते. आपण ती कधी वाचत नाही. पुढे स्वराज्यात 1956 च्या नियमांनी आणखी एक बंधन घातले. दर वर्षी फेब्रुवारी संपला की येणाऱ्या पहिल्या अंकात मालकाचे आणि मोठ्या भागीदारांचे नाव-पत्ता छापायचा. 1867 चा तो कायदा आता गेला. त्याच्या जागी 2023 चा नवा कायदा आला, तो 1 मार्च 2024 पासून लागू झाला. कायदे बदलतील, पण वाचकाने विचारायचे प्रश्न बदलत नाहीत.

ते तीन प्रश्न असे. एक, मालकाचा दुसरा धंदा काय? ज्याचा बांधकामाचा धंदा आहे त्याच्या पेपरात जमिनीची बातमी कशी येईल, हे सांगायला नको. दोन, पेपरचा खर्च कोण भागवतो? आपण देतो ती किंमत कित्येकदा कागदालाही पुरत नाही. उरलेले पैसे जाहिरातवाला देतो, मग मान कुणाचा राखला जाणार? तीन, संपादकाला काढून टाकण्याचा अधिकार कुणाला? तो अधिकार ज्याला, तोच खरा संपादक.

आणि उद्या तुम्ही स्वतःचे पत्र काढाल, मग ते चार पानांचे असो, पंधरवड्याला निघणारे असो, तेव्हा आणखी तीन गोष्टी विसरू नका. पहिली, वर्गणी कमी ठेवा, पण फुकट वाटू नका. फुकटचे पत्र लोक फुकटाच्याच भावाने वाचतात, आणि त्याचा खर्च दुसरा कुणीतरी करत असतो. दुसरी, प्रत्येक वर्गणीदार सभासद करा, आणि वर्षाला एकदा जमाखर्च त्याच पत्रात छापा, पैशापर्यंत. तिसरी, पहिला अंक निघायच्या आधी लिहून ठेवा की आजचा संपादक उद्या नसला तर पत्र कुणाच्या हाती जाईल. ही तिसरी गोष्ट लिहून ठेवायला भल्याभल्यांना सवड मिळाली नाही.

शेवटचे सांगतो आणि थांबतो. मराठीचे राज्य व्हावे म्हणून 21 नोव्हेंबर 1955 रोजी फ्लोरा फाउंटनला गोळ्या झेलल्या त्यांच्यात कामगार होते. पुढे शंभरावर माणसे गेली. त्यांच्या रक्ताने 1 मे 1960 चा दिवस उगवला. राज्याचा कारभार मराठीत आला. पण मराठीत छापलेले सगळे आपलेच असते काय? नोटीस मराठीत येते, टाळेबंदीची पाटीही मराठीत लागते! 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि मागे वळून पाहतो तो गिरण्या गेल्या, जमिनी गेल्या, भोंगे गेले. घरांसाठी लाखाहून अधिक कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. त्यातले कितीतरी अजून वाट पाहताहेत, कितीतरी वाट पाहता पाहता गेले. त्यांची नावे छापायला जागा कुठे आहे? भाषा आपली झाली, तिची पाने आपली व्हायची राहिली आहेत.

तरवडीच्या एका शेतकऱ्याने, वीज नसलेल्या खेड्यात, उलटे खिळे जुळवून ती जागा सत्तावन्न वर्षे राखली. तो एकटा होता. तुम्ही आज या मांडवात इतके जण आहात. सभा संपल्यावर दाराशी एक वही ठेवली आहे. तिच्यात नाव, पत्ता आणि वर्गणीचा आकडा लिहायचा आहे. घाई नाही. घरी विचारा, हिशेब करा, आणि मगच लिहा. पण लिहाल तेव्हा वाचक म्हणून लिहू नका, मालक म्हणून लिहा.

जय महाराष्ट्र!